साध्या पाण्याचं पात्र

सरांचं शेवाळ डोळ्यांना दिसत नसे, पण त्याच्या भित्रेपणावर सरांनी प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढली होती. एरवी त्याची प्रत्येक पेशी आपल्या नादात एकटी तरंगायची. पण त्याला खाणारे पाणपिसू नावाचे बारीक जीव ज्यात राहून गेले ते गाळलेलं पाणी नुसतं चमचाभर घातलं, की दुसऱ्या दिवशी पेशी चार-चार, आठ-आठच्या गुच्छात चिकटून बसायच्या, घास तोंडात मावणार नाही इतका मोठा व्हावा म्हणून. तापमानही वीस अंशांवरून हलू द्यायचं नाही, ऊब वाढली की त्यांची रूपं बदलत. तुलनेसाठी एका पात्रात साधं पाणी असायचं, आणि तिथे सगळ्या एकट्याच राहायला हव्यात.

त्या पात्रात गुच्छ दिसले, तेव्हा सरांनी सरळ सहायक बाईंवर खापर फोडलं. "त्या पाण्याची नळी धुतली नसणार तुम्ही!"

"धुतली होती, सर," एवढंच त्या म्हणाल्या. सगळ्यांदेखत पाणउतारा झाला आणि अकरा वर्षांची नोकरी शनिवारी संपली.

मग सर स्वतः काचेची भांडी धुऊ लागले. तरी गुच्छ. ते चार दिवस परगावी गेले, शिपायाने पात्रं सांभाळली, आणि परतल्यावर पेशी सुट्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुच्छ. शेवटी त्यांनी शिपायाला आणि ग्रंथपालांना साध्या पाण्यात हात बुडवायला लावले, स्वतःचेही बुडवले, आणि प्रत्येकाचं पाणी वेगळ्या पात्रात घातलं. दोघांच्या पात्रांत पेशी मजेत एकट्या होत्या. सरांच्या पात्रात एकही सुटी नव्हती.

त्यांना इतकी लाज वाटली की कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढवेना. मग त्यांनी बाईंना फोन लावला.

"चूक तुमची नव्हती. परत या."

"मला तेव्हाच कळलं होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही समोर उभे होतात ना. आणि परत यायचं मात्र नको."

त्या दुपारी ते लवकर घरी निघाले. फाटकापाशीच आवाज कानावर आले. बायको स्वयंपाकघरात गुणगुणत होती, माडीवर थोरली फोनवर खिदळत होती, धाकटी अंगणाच्या बाजूला चेंडू आपटत होती आणि आई मागच्या खोलीत रेडिओशी वाद घालत होती. किती दिवसांत हे ऐकलं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कुलपात किल्ली फिरवली.

आत दोघांपुरत्या सोफ्यावर चौघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

"लवकर आलात?" बायकोने विचारलं. उठली मात्र कोणीच नाही.