डावीकडची व्हायोलिनं

उजवा

उजव्या कानाला सगळं ऐकू येत होतं. दादाचं गिटार. वहिनीचा आवाज. वहिनीच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले चोवीस थर, कारण परवडणारा गायकवृंद तेवढाच. आणि हातोडा. हातोडा म्हणजे ड्रमवाला. त्याचं खरं नाव आता त्याची आईसुद्धा घेत नाही.

दादाच्या सिंफनिक मेटल बँडचा तिसरा अल्बम, सहा वर्षांनी. अकरा गाणी. मिक्सिंग, म्हणजे कुठलं वाद्य कुठल्या बाजूला आणि किती मोठ्याने हे ठरवणं, धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्याकडे. शुक्रवारी पाठवायची.

डावा

मंगळवारी सकाळी डावीकडची व्हायोलिनं ……

केबल बदलली. ……

हेडफोन उलटा घातला. व्हायोलिनं उजव्या कानात आली, लख्ख. म्हणजे केबल ठीक, हेडफोन ठीक.

म्हणजे ……

उजवा

तसे पंधरा दिवस मी व्हायोलिनं थोडी थोडी वर घेतच होते. मला ती दबल्यासारखी वाटायची. हातोडा म्हणाला होता की बारा जण व्हायोलिन वाजवतायत आणि बाराही जण त्याच्या डाव्या मांडीवर बसलेत. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. तेव्हा मला दोन कान होते, अशी समजूत होती.

बाबा लेथवर काम करायचे. चाळिसाव्या वर्षी डावा कान गेला, तो परत आला नाही. मी एकोणचाळीस. म्हणून तर ड्रम रेकॉर्ड करताना मी फोमचे इअरप्लग घालते, दिवसातून दहादा, पार आत. जपायचं म्हणजे जपायचं.

कुणाला सांगितलं नाही. एका कानाच्या बाईला अकरा गाणी कोण देईल? या अल्बमनंतर तर कुणीच नाही.

डावा

वहिनी डावीकडे उभी राहून काहीतरी ……

उजवा

मग ती फिरून उजवीकडे आली आणि तेच पुन्हा विचारलं. चहा घेणार का, एवढंच होतं. मी हो म्हटलं. चहा आलाच नाही. ती समोर खुर्ची ओढून बसली.

"किती दिवस झाले?"

मी गाणं थांबवलं.

"माझ्या गळ्यात गाठ आली तेव्हा मी आधी तुला सांगितलं होतं. नवऱ्याला नंतर. ऊठ. तुझ्या दादाला सांगते, दात दुखतोय म्हणून."

मधोमध

कानाच्या डॉक्टरांनी नादकाटा, तो घुमणारा स्टीलचा चिमटा, स्वतःच्या कोपरावर आपटला आणि त्याचं बूड माझ्या कपाळावर टेकवलं, बरोबर मध्ये. कुठल्या बाजूला ऐकू येतंय, विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, कारण खरं उत्तर वेड्यासारखं होतं. आवाज डावीकडे होता. गेलेल्या कानात. उजव्यापेक्षा मोठा.

"डावीकडे," मी म्हणाले.

"छान. हाडातून पोचतंय, म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे. दार लागलंय फक्त."

मग दिव्याने बघितलं, मग कोमट पाणी, मोठी पिचकारी, हनुवटीखाली स्टीलचा ट्रे. तिसऱ्या पिचकारीला ट्रेमध्ये जे पडलं ते पाहून वहिनी म्हणाली की अल्बमच्या कव्हरला हेच घेऊ. डॉक्टरांनी इअरप्लग कसे घालते ते करून दाखवायला सांगितलं. दाखवलं.

"म्हणजे ठासता," ते म्हणाले. "जपता जपता मळाचं बूच मारलंत."

दोन्ही

जिन्यात आमच्या चपलांचा आवाज. दोन्हीकडून. मी मुद्दाम हळू उतरले.

स्टुडिओत आल्या आल्या चौथं गाणं लावलं. भयंकर होतं. डावीकडे व्हायोलिनं गांधीलमाश्यांसारखी उठलेली, दादाचं गिटार कुठेतरी पलंगाखाली गेलेलं. माझंच काम, आणि इतकं रद्दी मिक्स आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वाईट आहे हे मला ऐकू येत होतं.

दादा दारात येऊन उभा. दात काढला का, विचारलं.

सगळं सांगितलं. केबल, उलटा हेडफोन, ट्रे. तो हसेल असं वाटलं होतं. तो अॅम्प्लिफायरवर बसला.

"तुझी गाणी लावली की उजवीकडचं मला काही नीट ऐकू येईना," तो म्हणाला. "आठवडा झाला. वाटलं, बाबांचा कान माझ्याकडे आला."

"हेडफोन उलटा घालून बघितला नाहीस?"

"हिंमत झाली नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला. एका घरात दोन बहिरे, म्हणाली, आणि दोघांनाही चांगलं ऐकू येतंय.

मी हेडफोन काढून त्याला दिला, उलटा. त्याने डोळे मिटून घातला. मी गाणं लावलं. त्याचा उजवा खांदा एकदम वर गेला, त्या बाजूला कुणी किंचाळल्यासारखा.

बराच वेळ त्याने तो काढलाच नाही.

"अगं, काय हे," तो शेवटी म्हणाला, खूप मोठ्याने, कारण हेडफोन अजून कानावरच होता. "खाली घे ती व्हायोलिनं."

घेतली. उरलेल्या दहा गाण्यांतलीही, शुक्रवारपर्यंत.