मास्तरांनी आवळलेला मास्क

मित्रांनो, नाकावर बसणारा मी एक जुना मास्क आहे. नाटकातला नव्हे, दवाखान्यातला. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या उशाशी हवेचं एक यंत्र असतं. त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला मी. यंत्र हवा ढकलतं, मी ती नाकात पोहोचवतो, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. एवढंच माझं काम. पण तेवढंही मला कुणी वेळेवर करू दिलं नाही.

कारखान्यात मी साच्यातून निघालो, तेव्हा माझी कड इतकी मऊ होती की डब्यात भरणारी बाई म्हणाली, "अगं बाई, लोण्यासारखा आहे की!" ही कड म्हणजेच माझं सर्वस्व. हवेने ती जराशी फुगते आणि चेहऱ्याला अलगद चिकटते. मागच्या पट्ट्यांनी मला नुसतं धरायचं असतं, दाबायचं नसतं. पुढची सगळी रड इथूनच सुरू झाली.

मी आलो एका शिंप्याच्या घरी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मागे झोपायची खोली, मध्ये पडदा. हात असा की त्यांचा कोट चढवलेलं गिऱ्हाईक आरशापुढून हलायचं नाव घेत नसे. पण मास्तर भरदिवसा शिलाई मशीनवर पेंगायचे. एकदा सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा लेकीने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, झोपेत तुमचा श्वास थांबतो. हे रोज लावा. नाहीतर एक दिवस हृदयावर येईल, मेंदूवर येईल."

"बाकी काही होवो," मास्तर म्हणाले, "हात चालला पाहिजे. हात गेला तर मी कोण?"

सुरुवातीला माझं काय कौतुक! मास्तरांची बायको लेकीला म्हणाली, "आधी वाटायचं, घरात कुणी लाकडं कापतंय. आता इतके शांत झोपतात की यांना उठवायला जावं लागतं." मास्तर उत्साहात कामाला बसायचे. मला फार फार आनंद व्हायचा.

मग माझ्या कडेवर चेहऱ्याचं तेल साठलं. साबणाच्या कोमट पाण्याने रोज धुवा, असं बजावलं होतं, पण धुतोय कोण! मी घसरू लागलो. हवा फुसफुसत डोळ्यांत शिरू लागली. मास्तर वैतागले. "ढिला पडलाय हा." आणि ढिल्यावर शिंप्याला एकच उपाय ठाऊक. त्यांनी माझ्या पट्ट्या मशीनखाली घातल्या, दोन्हीकडून आत घेतल्या आणि वर डबल शिलाई मारली.

"अहो, दवाखान्यात एकदा दाखवा ना," बायको म्हणाली.

"मापाचं मला कोण शिकवणार? जन्मभर लोकांचं ढिलं आत घेत आलोय मी!"

टाके सुरेखच होते हो. पण माप त्यांनी बसून घेतलं होतं, आणि आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते. शिवाय माझी कड पार चेपून गेली, आता ती फुगणार कशी? एका बाजूने दाबलं की दुसरीकडून हवा सुटायची. मास्तर पट्ट्या आणखी आत घ्यायचे. नाकावर वळ उठले, मग जखम झाली. सैल सोडा हो, जरा सैल सोडा, असं ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठे आहे?

तोंड मास्तरांना होतं, तेही झोपेत उघडं पडायचं. मी नाकातून दिलेली हवा तोंडावाटे फुकट जायची. सकाळी घशाला कोरड. "रात्रभर नुसता वारा प्यायलो," म्हणून ते माझ्यावरच डाफरायचे. हनुवटीला आधार देणारा पट्टा मिळतो. नाक-तोंड दोन्ही झाकणारा माझा थोरला भाऊही मिळतो. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं.

शेवटी, "खड्ड्यात गेलं हे लचांड!" म्हणत त्यांनी मला खिळ्याला टांगलं. यंत्रावर चिंध्या साठल्या. मास्तरांचा श्वास पुन्हा अडू लागला आणि मी भिंतीवरून ते ऐकत राहिलो. मित्रांनो, हातात उपाय असून नुसतं ऐकत बसण्यासारखी शिक्षा नाही.

एका सकाळी मास्तरांना कात्री उचलता येईना. उजवा हात लोंबत राहिला, तोंड वाकडं झालं, लेक किंचाळली. पक्षाघात होता. झोपेत श्वास अडत राहणं हेही त्याचं कारण असू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

उजवा हात तसाच लुळा घेऊन मास्तर घरी आले, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर बरोबर होत्या. मला पाहून त्या चक्रावल्या. "हे कुणी शिवलं?" लेकीने खाली मान घालून टाके उसवले. सिस्टरनी मला नवी कड लावली, मास्तरांना आडवं केलं, यंत्र चालू केलं आणि हवा वाहत असताना पट्ट्या जेमतेम ओढल्या. हनुवटीखाली पट्टा दिला. फुसफुस थांबली. इतकंसं काम होतं ते!

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला रोज धुवा, आडवं होऊन लावा, आवळू नका. आणि अडलं तर विचारा, त्यात कसली लाज?

मास्तरांना आता गाढ झोप लागते. सकाळी ते अगदी ताजेतवाने उठतात, दुकानात मशीनपुढे जाऊन बसतात, आणि दिवसभर काय करायचं ते त्यांना कळत नाही.