पोतं धरणारा

लामियतमावशीच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, बाग असलेली आणि बाग नसलेली. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनाही नावं असतात हे तिला मान्य होतं, पण ती लक्षात ठेवायची गरज कधी वाटली नव्हती. त्यामुळे एका वर्षी तिच्याकडे दुरियनची फणसासारखी काटेरी फळं तोडायला आलेले गडी पुढच्या वर्षी बागेकडे ढुंकूनही बघत नसत, आणि हल्लीची माणसं कशी माजलीत हे ती बाजारात ज्याला त्याला ऐकवायची.

यंदा मात्र तिने मनावर घेतलं. ओढ्यापलीकडच्या थाविनकडे प्रासित नावाचा तोडणारा होता. सुरीच्या मुठीने फळावर टकटक केली की ते तयार झालंय की नाही हे त्याला आवाजावरून कळायचं. थायलंडमधल्या चंथाबुरीच्या त्या डोंगरपट्ट्यात असा दुसरा नव्हता. असला माणूस थाविनसारख्या बावळटाकडे टिकतोच कसा, हे मावशीला काही केल्या उमगत नव्हतं. थाविनच्या घराला धड रंग नाही, दारात चांगली गाडी नाही. स्वतः गड्यांच्या चटईवर मांडी ठोकून भात खातो. याला बागाईतदार म्हणायचं तर मग बागाईतदारी कुत्र्यामांजरांनीही करावी, असं तिचं मत.

तिने प्रासितला फोडायचं ठरवलं. बागेच्या कोपऱ्यात नवंकोरं घर बांधलं, फरशी घातली, पंखा बसवला, फ्रिज आणला. प्रासित आढेवेढे घेत होता, पण त्याची बायको एकदा येऊन तो फ्रिज उघडून बघून गेली आणि प्रकरण मिटलं. फळं भरत आली तसा प्रासित आला. त्याच्यामागून खांद्यावर गोणपाट टाकून एक ठेंगणा, अबोल माणूसही फाटकातून आत शिरला.

"हा कोण आणखी?" मावशीने विचारलं.

"रिथी. मी वरून सोडतो, हा खाली धरतो."

तोडणारा फांदीवर बसून देठ कापतो, फळ खाली सोडतो, आणि खालचा माणूस गोणपाट फिरवून ते काटेरी धूड हवेतच झेलून भुईला टेकवतो. आपटलेलं फळ तडकतं, आणि परदेशी माल पाठवणारा व्यापारी तडकलेल्या फळाला हात लावत नाही. बागेतच जन्मलेल्या मावशीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या लेखी तोडणारा तो तोडणारा, आणि खालचा म्हणजे निव्वळ पोतं धरणारा. त्यातून हा सीमेपलीकडचा, कंबोडियाचा. असल्याला कोण विचारतो?

तोडणीआधी जागेच्या देवाला नैवेद्य दाखवून गड्यांना जेवू घालायची रीत होती. मावशी रीत चुकवणारी नव्हती. ओसरीवर प्रासितपुढे उकडलेली कोंबडी, मासा, आमटी असं सगळं मांडलं. रिथीला स्वयंपाकघरामागे बसवलं. पोतं धरणारे तिच्या सासूच्या काळापासून तिथेच बसत आणि ओसरीवरून उरलंसुरलं परत आलं की जेवत.

जेवताजेवता तिने प्रासितला सांगून टाकलं की घर एका माणसासाठी बांधलंय, खाली धरायला तिचा भाचा दुम आहे, परक्या माणसाला फुकट पोसायची तिला हौस नाही. प्रासितचा हात ताटातच थांबला.

"त्याच्याशिवाय मी कधी तोडलं नाही, मावशी."

"मग आता तोड. पोतं काय, खुंटीसुद्धा धरते."

मागे रिथीने हे ऐकलं असणारच, भिंत तर पत्र्याची होती. त्याने आपलं ताट धुऊन पालथं घातलं, गोणपाट खांद्यावर टाकलं आणि "येतो" म्हणून निघून गेला. थाविनने त्याच दिवशी त्याला परत ठेवून घेतलं. कळलं तेव्हा मावशी पोट धरून हसली. टाकलेलं उचलायची सवयच आहे त्या माणसाला, म्हणाली.

सकाळी तोडणी सुरू झाली. चाळिशीचा, दांडगा दुम झाडाखाली पोतं घेऊन उभा राहिला, आणि पहिलं फळ सुटताच त्याने डोळे मिटले. फळ शेजारी आपटून उललं. दुसऱ्याने पोतं हातातून हिसकून नेलं. तिसऱ्याला दुम सरळ पळाला. प्रासित खाली उतरून बुंध्याशी बसला.

"हात चालत नाही मावशी. डोक्यात पडलं तर माणूस मरेल."

"नखरे आहेत नुसते. फ्रिज घेताना बरे हात चालले." मावशीने दुमच्या हातातलं पोतं ओढून घेतलं. "चढ वर. मी धरते."

प्रासितने हात जोडले, दुमने विनवलं. पण साठी उलटलेली ही बाई एकदा पेटली की तिला देवही विझवू शकत नव्हता. शेवटी प्रासितने वरून त्यातल्या त्यात लहान फळ सोडलं, आणि काय नवल, तिने ते झेललं. तिने वर बघून विचारलं की यात अक्कल कुठे लागते ते जरा दाखव. मग मोठं सोड म्हणाली. त्याने सोडलं. तिचं मनगट मोडलेलं दुमलासुद्धा ऐकू आलं.

दवाखान्यातून प्लास्टर घालून ती परतली तेव्हा प्रासित बायकोला घेऊन, घराची किल्ली हातात धरून ओसरीपाशी उभा होता.

"घर चांगलं होतं," तो म्हणाला. "पण खाली रिथी नसला की मला वरून काही सोडवत नाही."

"जा, जा. भिकेचे डोहाळे म्हणतात ते हेच," मावशी म्हणाली.

तो गेला ओढ्यापलीकडे. मावशीने दुमला गावोगाव पिटाळलं, पण हंगाम ऐन भरात होता, मोकळा माणूस कुणाकडे असणार? इकडे फळं पिकून आपोआप गळायला लागली. धप्प आवाज झाला की मावशी ओसरीवर येऊन बघायची. वर्षभराची कमाई डोळ्यांदेखत मातीत चालली होती. व्यापाऱ्याचा माणूस बागेत फिरला, नाक मुरडून गेला. शेवटी तिने दुमला थाविनकडे धाडलं. आमचं आटपलं की दोघांना पाठवतो, असं थाविन लगेच म्हणाला. टोमणा मारला नाही, काही मागितलंही नाही. मावशीला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

दोघं आले तेव्हा निम्मी बाग गळून गेली होती. उरलेली त्यांनी उतरवली. वरून फळ सुटत होतं, खाली गोणपाट फिरत होतं, एकही तडकलं नाही. मावशी खुर्चीत बसून बघत होती आणि चुका शोधत होती.

शेवटच्या दिवशी तिने ओसरीवर दोन ताटं मांडली. रिथी सवयीने मागे गेला. प्रासितने आपलं ताट उचललं आणि तोही मागे गेला. दुमसुद्धा निर्लज्जपणे रिथीचं ताट घेऊन त्यांच्यामागे गेला. कोंबडी, मासा आणि आमटी यांच्यासमोर मावशी एकटी उरली. तिने दोनदा कुणाला तरी शिवी दिली. मग आमटीच्या भांड्यावर माशाची थाळी ठेवून प्लास्टर नसलेल्या हाताने ते उचललं आणि ती स्वयंपाकघरामागे गेली. आमटी गार होईल म्हणून आणली, असं पुटपुटली. रिथीने सरकून जागा करून दिली. जन्मात पहिल्यांदा ती त्या चटईवर बसली.

तिने रिथीच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नवं घर रिकामंच आहे. दोघांना पुरेल. पुढच्या वर्षी पहिली तोडणी माझी करा."

रिथीने तोंडातला घास आधी संपवला.

"थाविनमामांना शब्द दिलाय, मावशी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आधी त्यांचं. मग तुमच्याकडे येऊ, काही उरलं तर."

बागेत कुठेतरी एक चुकलेलं फळ पडलं. मावशी मान खाली घालून जेवत राहिली.