फादर रुमावांचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, माझ्या अंगावरचे लाल बटण आता फिकट गुलाबी झाले आहे आणि झाकणाला एक तडा गेला आहे. तरी ओळख सांगतो. मी फादर सांतान रुमाव यांचा टेपरेकॉर्डर.

फादर मूळचे वसईचे, शेतकऱ्याच्या घरातले. रोमला जाऊन ते हिब्रू आणि ग्रीक शिकले. मूळ भाषेत बायबल वाचणारा हा माणूस आता मुंबईत प्राध्यापक होणार, असे सगळ्यांना वाटत होते. त्यांनी मात्र मुरबाडच्या वाड्यांतले चर्चचे काम मागून घेतले. ग्रंथातल्या गोष्टी इथल्या बोलीत कशा ऐकू येतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठीच १९९२ साली त्यांनी मला विकत घेतले. यंत्रांचे त्यांना भारी वेड. आणल्या दिवशीच माझे झाकण उघडून चाके, पट्टा, फितीवरचा आवाज टिपणारे हेड, सगळे पाहून घेतले. मी घाबरलो होतो, पण त्यांचा हात हलका होता.

स्कूटरच्या डिकीत बसून मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्या फिरलो. फादर आधी गोष्ट सांगत, मग ऐकणाऱ्याला ती आपल्या शब्दांत परत सांगायला लावत आणि तिचा आवाज भरायला माझी दोन बटणे एकदम दाबत. कुठला शब्द पोचला आणि कुठला वाटेतच पडला, हे त्यांना त्यातून कळे.

वैशाखरे गावाजवळच्या एका वाडीत हौसाबाई राहत होत्या. त्यांचा भाऊ धाऊ मला पाहताच तडकला. "आमचा आवाज भरून कुठं नेता? आमाला बाटवायला आलाव काय?"

फादर चिडले नाहीत. "आवाज तुमचा आहे. ऐका, आणि नको असेल तर इथंच पुसून टाकतो." त्यांनी हौसाबाईंची दोन वाक्ये भरली आणि लगेच ऐकवली.

हौसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "ही मी? कवढी म्हातारी झाले गो! ऱ्हाऊ दे धाऊ, बोलन्यानं काय जातंय?"

त्या दिवशीची गोष्ट बायबलातल्या एका सासूची होती. तिचे मुलगे वारलेले. एक सून तिच्यासोबत चालत राहते, दुसरी रडत रडत माहेरी परतते. फादरांना ठाऊक नव्हते, पण हौसाबाईंचाही एकुलता मुलगा साप चावून गेला होता. सून काशी आटगावला माहेरी परतली होती, आणि वाडी तिला नावे ठेवत होती. गोष्ट परत सांगताना हौसाबाई त्या दुसऱ्या सुनेपाशी थांबल्या. "ती गेली त्यात तिचं काय चुकलं? सासूनंच सांगितलं ना, जा म्हनून." त्या तिच्याबद्दल बोलतच राहिल्या. फादरांनी मला थांबवले नाही.

१९९९ मध्ये फादरांची बदली शहापूरला झाली आणि त्यांच्या टेबलावर संगणक आला. वायर जोडून त्यांनी माझ्यातले सगळे आवाज त्यात उतरवले. मग सीडी आल्या, इंटरनेट आले. दूरदूरचे अभ्यासक फादरांना व्याख्यानांना बोलावू लागले. मी कॅसेटींसह कपाटावर गेलो. पावसाळ्यांनी कॅसेटींवर पांढरी बुरशी चढवली. माझा रबरी पट्टा ढिला पडून चिकट झाला. संगणक माझ्याहून हुशार होता, त्याचा मला राग नव्हता. पण माझ्यावर साधे फडके फिरवायला कोणी येत नाही, हे मनाला लागे.

२००६ च्या उन्हाळ्यात हौसाबाईंची सून काशी आली. आटगावला तिचा दुसरा संसार उभा राहिला होता. हौसाबाई वारल्याचे तिला उशिरा कळले होते.

"फादर, आयचा आवाज तुमच्याकडं हाय म्हनतात. ऐकवाल?" मग खाली पाहत म्हणाली, "माझ्यावर राग धरूनच गेली आसंल ती."

फादर संगणकाकडे वळले आणि थबकले. त्याची डिस्क नुकतीच कायमची बंद पडली होती. सीडीवर फक्त निवडक भाग होते. हौसाबाईंचे ते लांबलेले बोलणे अभ्यासाच्या उपयोगाचे नाही, म्हणून त्यांनीच गाळले होते.

"थांबशील का जरा?" एवढेच ते म्हणाले.

त्यांनी मला खाली उतरवले. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले, पट्ट्याच्या जागी जाड रबरबँड चढवला, पेन्सिलीने फीत फिरवत बुरशी टिपली. दुपार कलली तरी काशी बाकावर तशीच बसून होती.

अखेर मी बोललो. नुसती खरखर. फादरांनी मान खाली घातली. मग हेलकावे खात आवाज आला, "...उनाची गेली पोर. तहान लागली आसंल. वाटंत कोनी पानी दिलं का नाय तिला?"

काशी माझ्याकडे झुकली. "दिलं, आय. यष्टीत एका बाईनं दिलं." आणि ती हमसून रडली.

"त्याआधी काय म्हणाल्या, ते मला आठवतं," फादर म्हणाले. "ती गेली त्यात तिचं काय चुकलं? सासूनंच सांगितलं ना, जा म्हनून," हे त्यांनी हौसाबाईंच्याच बोलीत सांगितले. काशीने डोळे पुसले. "खरंय, फादर. मी नको म्हनत व्हते. तिनंच गाठोडं बांधून दिलं."

पुढे फादरांनी त्या गोष्टीवर पुस्तक लिहिले. त्यात माहेरी परतणाऱ्या सुनेला त्यांनी एक अख्खे प्रकरण दिले. आता ते महिन्यातून एकदा मला चालवतात.

मित्रांनो, नवी यंत्रे घरी जरूर आणा. पण जुन्यातले काय गाळायचे, हे ठरवायची घाई करू नका. कॅसेटी कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून ऐका. बुरशीने खाल्लेला तो भाग परत मिळावा म्हणून फादरांनी पुढे किती यंत्रे लावून पाहिली. खरखर कमी झाली, पण तिच्यामागे हौसाबाई नव्हत्या.