मास्तरांच्या एकेचाळीस तक्रारी

पुराने माझ्या पंचवीस गाईंपैकी अठरा नेल्या. उरल्या सात, आणि त्यांच्यापुढे टाकायला चिपाडसुद्धा नव्हतं. कडब्याची सगळी गंजी कुजलेली. शनिवारी दलाल येऊन सातही घेऊन जाणार होता. चाळीस वर्षं पहाटे उठून शेण काढलंय मी. गाई गेल्यावर उठायचं तरी कशाला, सांगा.

तेवढ्यात सरकारने जनावरवाल्यांना तातडीची मदत जाहीर केली. आधी चारा, मग मेलेल्या जनावरांची भरपाई. मी गुरुवारी सकाळीच कचेरी गाठली. तिथेही पाणी शिरलं होतं. बाकांवर फायली उघड्या करून वाळत घातल्या होत्या.

कारकून बाईंनी माझं नाव शोधलं. "आजी, नोंद नऊच गाईंची आहे. नऊतल्या अठरा मेल्या आणि सात उरल्या? साहेबांना काय सांगू मी?"

चूक माझीच होती. गुरांचे डॉक्टर गाईंच्या कानात नंबराचे बिल्ले मारून गेले होते, पण नंबरांचा कागद इथे आणून द्यायचा माझा आळस. आज देऊ, उद्या देऊ. आता माझा कागद आणि डॉक्टरांची वही, दोन्ही पाण्यात गेली.

"मेलेल्यांचे फोटो? बिल्ले?"

"अहो, नदीने नेल्या! तिच्याकडे पावती मागू?"

बाई रागावल्या नाहीत. "उद्या दुपारपर्यंत काहीतरी लेखी आणा. मी अर्ज बाजूला ठेवते," म्हणाल्या.

घरी येऊन मी सुनेपुढे जी तोंडाची टकळी सुरू केली, ती चार घरांनी ऐकली असेल. शेजारच्या मास्तरांनी तर नक्कीच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच उद्योग: कोबी लावायचा आणि माझ्या गाईंनी तो खाल्ला की तक्रार करायची. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

शुक्रवारी रिकाम्या हाताने कचेरीत गेले, तर खिडकीशी मास्तर! माझं डोकंच फिरलं.

"माझ्या अठरा गाई मेल्यात, आणि तुम्ही आजही तक्रार घेऊन आलात?"

"गप्प बसा हो जरा," म्हणत त्यांनी जाडजूड फाईल खिडकीतून आत सरकवली. "या एकेचाळीस तक्रारी. माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. प्रत्येकीवर याच कचेरीचा शिक्का आहे. कुठली गाय कधी शिरली, तिचा रंग, कानातला नंबर, सगळं आहे. पंचवीस गाई आहेत यांच्या." मग आवाज खाली गेला. "होत्या."

गाय कोबी खात असताना हा माणूस चष्मा लावून तिचा कान वाचत उभा राहायचा! बाईंनी एकेक कागद बघितला. ढवळी, मोडक्या शिंगाची, कपाळावर टिकला असलेली. गेलेल्या गाई एकेक करून पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मला तिथेच रडू फुटलं.

साहेबांनी सही केली. संध्याकाळी चाऱ्याचा ट्रक दारात आला. सातही जणींनी मान वर न करता खाल्लं. दलालाला मी फाटकातूनच वाटेला लावलं. पुढे भरपाईही आली. सरकारला दुवा दिला, कारकून बाईंना दूध नेऊन दिलं. मास्तरांचे आभार कसे मानायचे तेवढं कळेना. जीभ एरवी इतकी चालते, पण तिथे रेटेना.

शेवटी तारेचं भेंडोळं घेऊन त्यांचं कुंपण दुरुस्त करायला गेले. मास्तर बांधावर उभे होते.

"सकाळी सहाच मोजल्या. तांबडी कुठाय?" आवाज पार घाबरलेला.

"गोठ्यात आहे. रात्री व्याली. कालवड झाली."

मास्तर मटकन बांधावर बसले. चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग खिशातून पेन काढलं.

"हिच्या नोंदणीचा अर्ज मी लिहितो. तुमच्या भरवशावर नाही राहायचं," म्हणाले. "रंग सांगा."

"या की बघायला," मी म्हटलं. "तुमच्याच कोबीवर पोसलीय तिची आई."