न दाखवण्याजोगी जागा

तो लोकांच्या अंगावर गोंदायचा, पण त्याच्या स्वतःच्या अंगावर तिळांखेरीज काही नव्हतं. कारण साधं होतं, त्याला सुईची भीती वाटायची. दुसऱ्याच्या कातडीवर चालणारी सुई तो मन लावून बघत असे, पण दवाखान्यात स्वतःला इंजेक्शन घ्यायची वेळ आली की नर्सला म्हणायचा, "आधी मला भिंतीकडे तोंड करू द्या."

गिऱ्हाईक विचारायचंच, "तुमचा टॅटू कुठंय?" तो विषय बदलायचा. मग एकदा व्यायामशाळेतला एक मास्तर शर्ट काढून आडवा झाला आणि ऐनवेळी उठून बसला. "तुमच्या अंगावर एकही नाही? मग मी कसा विश्वास ठेवू?"

"आहे की," हा बोलून गेला. "पण दाखवण्याजोग्या जागी नाही."

मास्तर खो खो हसला आणि पुन्हा आडवा झाला. तेव्हापासून हा सगळ्यांना तेच उत्तर देऊ लागला. सांगताना नजर खाली घालायचा. लोकांना वाटायचं, किती लाजाळू माणूस आहे.

अडचण एवढीच की दुकान अर्धं त्याचं आणि अर्धं बायकोचं होतं. मध्ये प्लायवूड, आणि पलीकडे तिचं पार्लर. एका दुपारी बँकेतल्या कॅशियरबाई भुवया कोरून घेता घेता म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका, पण ह्यांचं ते नक्की कुठंय?"

बायकोला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. दोरा थांबला. अलीकडे ह्याने मशीन बंद केलं आणि श्वासही.

"डाव्या बाजूला," बायको म्हणाली. "मोर आहे. ते बसले की पिसारा मिटतो."

कॅशियरबाई इतक्या हसल्या की एका भुवईचा कोपरा जरा जास्तच कोरला गेला.

संध्याकाळी घरी त्याने सगळं कबूल केलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. "थापेचं काही नाही," ती म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याच्या अंगावर काय आहे ते सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही? म्हणून मी माझ्या पसंतीचं सांगितलं."

"आता पुन्हा मोराचं नाव काढू नकोस."

"नाही काढणार."

तिने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला जहाज सांगितलं. आणि शाळेतल्या शिक्षिकेला सांगितलं की तिथे माझंच नाव आहे, फक्त वेलांटी चुकलीय.

ती शिक्षिका सासूबाईंच्या शेजारी राहायची. रात्रीच्या जेवणाआधी फोन आला. "जावईबापू, एवढ्या प्रेमाने नाव घालून घेतलंत, वेलांटीचं मनाला लावून घेऊ नका." मागे मेव्हणा हसत होता. त्याने फोन ओढून घेतला. "दाजी, पुढच्या महिन्यात आईचा वाढदिवस. सगळ्यांनी तलावावर पोहायला जायचं. तुम्ही नाही म्हणायचं नाही."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "गोंदलेलं भरून येईपर्यंत पाण्यात जायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना? म्हणजे याच आठवड्यात करायला हवं."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. जागा ठरवायची होती. एरवी गिऱ्हाइकाला तो घटकाभर समजावायचा, बरगडीवर जीव जातो, नडगीवर हाड लागतं, दंडावर सोपं. आज त्याला स्वतःच्या अंगावर एकही सोपी जागा सापडेना. दंड म्हणाल तर उघडाच असतो, आजवरची थाप उघडी पडली असती. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही. मांडीचं नाव काढताच मांडीवर काटा आला.

बायकोने भुवयांची पेन्सिल काढली आणि कमरेच्या जरा खाली एक फुली मारली. तो पेन्सिलीनेच दचकला.

"इथे," ती म्हणाली. "चड्डीचं इलॅस्टिक दोन बोटं खाली सरकलं की दिसेल."

"पण सरकवणार कोण?"

"माझा भाऊ आहे की."

स्वतः करायचा त्याला धीर होईना. शेवटी बायकोनेच हातमोजे घातले. रोज प्लायवूडच्या कडेवरून डोकावून तिने सगळं पाहिलं होतं, आणि तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता. मशीन सुरू झालं. सुई टेकली, आणि तो टेबलावरून असा उडाला की शाईची बाटली भिंतीवर गेली.

पुन्हा झोपायला तो काही केल्या तयार होईना. झालं ते एवढंच, एक ठिपका.

वाढदिवसाला तलावाच्या काठावर मेव्हण्याने फार वाट पाहिली नाही. इलॅस्टिक सरकलं. सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढून लावला आणि वाकून पाहिलं.

"नाव कुठंय गं? हा तर ठिपका."

"आई, माझं नाव मोठं आणि ह्यांची हिंमत छोटी," बायको म्हणाली. "म्हणून हप्त्याहप्त्याने घालायचं ठरवलंय."

सासूबाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. "सुरुवात सुबक आहे हो," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढला. मेव्हणा हसत सुटला, तेव्हा जावयाने त्याचा दंड दोन बोटांत धरून नीट पाहिला. "तू ये दुकानावर. तुझी जागा मी निवडतो." मेव्हण्याने ताबडतोब पाण्यात उडी मारली.

सोमवारी एक कॉलेजातली मुलगी मनगटावर पान गोंदून घ्यायला आली. खुर्चीत बसता बसता तिने विचारलं, "दुखतं का हो?"

आजवर तो सांगायचा, मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स. या वेळी त्याच्या तोंडून ते निघेना. "दुखतं," तो म्हणाला. "चांगलंच दुखतं."

मुलीने पर्स उचलली.

"ताई, बसा," पलीकडून आवाज आला. "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, त्यांना पेन्सिलसुद्धा दुखते. मी येते, माझा हात धरा."

बायको दोरा दातांत तसाच धरून आली. मुलगी पुन्हा बसली आणि तिने मनगट पुढे केलं. प्लायवूडच्या पलीकडे एकच भुवई झालेल्या कॅशियरबाई मान उंच करून बघत होत्या.