घरचा घोट

मी एक जुना तुंबा आहे. तुंबा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, पाणी न्यायचा. सध्या मी नागपुरात एका दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या अंगाला चकचकीत रोगण फासले आहे आणि पोटावर चिठ्ठी चिकटवली आहे. मित्रांनो, त्या चिठ्ठीवर माझ्याविषयी जे लिहिले आहे त्यातला एक शब्दही खरा नाही. म्हणून मला बोलावे लागते आहे.

माझा जन्म चांदा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या पलीकडच्या जंगलातला. आशाबाईच्या छपरावर माझा वेल चढला होता. मी पिकून कडक झालो तेव्हा तिने माझ्या मानेला भोक पाडले, आतला गर पाण्यात कुजवला, बिया काढून राखेत ठेवल्या, आणि खडे घालून मला इतके खळखळवले की आत कडवटपणा उरला नाही. तो नंतर आला, त्याला कारणे आहेत. पळसाच्या मुळांच्या दोरीने तिने मला शिंके विणले आणि नवऱ्याच्या, म्हणजे वारलूच्या, खांद्याला अडकवले.

त्या घराचा एक नेम होता. आशाबाईचा थोरला भाऊ इसरू एका उन्हाळ्यात डोंगरावर गेला तो परतलाच नाही. शोधायला गेलेल्यांनी त्याचा तुंबा तेवढा आणून दिला. आशाबाईने तो कानाशी हलवून पाहिला, तर आत थेंब नव्हता. तेव्हापासून वारलूने डोंगरावर कितीही तहान लागली तरी तुंब्यात एक घोट राखायचा आणि तो घरी आणायचा. तो घरचा घोट. वारलू दारात आला की ती आधी मला हलवायची. आत बुळुक वाजले की मग त्याच्या तोंडाकडे बघायची. नऊ वर्षे मी रोज वाजत घरी आलो. माझ्या आयुष्यातली खरी कामगिरी एवढीच, आणि मला ती पुरे होती.

आमच्या गावामागे सात टेकाडांचा डोंगर आहे. चिखलात म्हशी बसाव्यात तशी ती एकामागे एक बसली आहेत, गोल पाठीची. गावचे लोक त्यांना सात म्हशी म्हणतात. तिथे माणसे मोह वेचायला जातात, बांबू आणायला जातात, मध काढायला जातात. डोंगर बघायला म्हणून कोणी गेल्याचे मी ऐकले नव्हते.

सत्तावन्न सालच्या चैत्रात ते आले. गुणवंतराव वकील, नागपूरच्या कुठल्याशा गिरिभ्रमण मंडळाचे चिटणीस. ब्रह्मपुरीपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने. सोबत एक तंबू, एक होकायंत्र, जिंकलेल्या शिखरांची वही, आणि चांद्याच्या बाजारातला बाबूभाई फोटोवाला. शिखर जिंकताना कोणी बघत नसेल तर ते जिंकल्यासारखे वाटत नाही, म्हणून फोटोवाला.

गुणवंतरावांनी वाट दाखवायला वारलूला सोबत घेतले आणि विचारले की या डोंगराचे शिखर कोणते. वारलूला शब्द कळला नाही. त्यांनी बोटाने हवेत टोक काढून दाखवले.

वारलू म्हणाला, "डोंगराले कायचं टोक, साहेब? टोक भाल्याले राह्यते. हे तं म्हशी होत."

गुणवंतराव हसले. अडाण्याला माफ करावे तसे हसले. मग वारलूने माझ्यातले पाणी पुढे केले, तेव्हा आपण उकळलेलेच पाणी पितो असे सांगून त्यांनी गळ्यातला थर्मास थोपटला. त्या थर्मासची मला कीव येते. आत काच आणि बाहेर पत्रा, असल्या देहाने कुणी डोंगरावर जाते का? बाबूभाईने मात्र मला दोन्ही हातांनी उचलले आणि आपल्या पोटाने चांद्याची नाली पचवली आहे, त्याला हे अमृतच लागेल, असे म्हणत तो पोटभर प्यायला.

सकाळी पहिल्या म्हशीवर चढलो. गुणवंतरावांनी झेंडी रोवली, फोटो काढला, वहीत नोंद केली. मग समोर पाहिले तर दुसरी म्हैस उंच. झेंडी उपटली. दुसरीवरून तिसरी उंच दिसली, तिसरीवरून चौथी. चौथीवर उभे राहून मागे पाहिले तर तिसरीच उंच. होकायंत्र काढले. होकायंत्र उत्तर दाखवते, अक्कल दाखवत नाही. गोल पाठीवर जिथे उभे राहावे तिथून दुसरी पाठ उंच दिसते, हे आमच्याकडे गुरांनाही ठाऊक आहे. साहेब परत तिसरीकडे निघाले. बाबूभाई वारलूला म्हणाला की या माणसाने लग्नाला एकच मुलगी कशी पसंत केली असेल.

पाने झडून गेली होती. सावली म्हणून नव्हती. तिसऱ्या म्हशीवर दुसऱ्यांदा फोटो काढताना साहेबांनी थर्मास खडकावर ठेवला. खडक गोल. थर्मास घरंगळला तो पार खाली, आणि फुटल्याचा बारीक आवाज तेवढा वर आला. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

त्यानंतर वारलूने मला दोनदा पुढे केले. साहेबांनी दोनदा मान हलवली. बाबूभाई आणि वारलू थोडे थोडे प्याले. भर दुपारी माझ्यात एकच घोट उरला, तेव्हा वारलूने माझ्या तोंडात पानाची गुंडाळी ठोसली आणि मला पाठीमागे घेतले.

आणि नेमके तेव्हाच साहेब बसले, मग आडवे झाले. डोळे पांढरे, ओठ फुटलेले. झरा तासाभराच्या उतारावर होता. बाबूभाई वारलूकडे बघत राहिला. त्याला नेम माहीत होता, सकाळीच वारलूने सांगितला होता.

वारलूने बराच वेळ माझी मान हातात धरून ठेवली. मग त्याने गुंडाळी काढली, साहेबांना मांडीवर घेतले आणि मला त्यांच्या ओठांना लावले.

साहेबांनी घोट घेतला. गाल फुगवले. खळखळ चूळ भरली आणि बाजूला थुंकून दिली. मग पिण्यासाठी पुन्हा तोंड उघडले.

मित्रांनो, मी रिकामा होतो.

वारलूने त्यांना पाठुंगळी घेतले. तासभर उतरला, स्वतः कोरड्या घशाने. झऱ्यावर साहेब प्याले, न उकळलेले, गुरासारखे ओणवे होऊन. बाबूभाईने मला पाण्यात बुडवले आणि म्हणाला, "भर ना भाऊ. भाभीले काय समजते, हा घोट कोणता होय तं?"

वारलूने मला हातात घेतले. मी वाजलो. त्याने मला उलटे केले.

"तिनं इसरूचा तुंबा हलवला व्हता, बाबूभाई. तिले खोटा आवाज कसा आयकवू?"

दारात आशाबाईने मला कानाशी धरून हलवले. पुन्हा हलवले. वारलू समोर उभा होता, जिवंत, तरी तिचे हात गार पडले हे मला माझ्या सालीवर कळले. तिने खाली बघूनच विचारले, "कोनं पेला?"

"पेला नाई. थुकला."

तिने अंगणात खाटेवर पडलेल्या साहेबांकडे पाहिले. दोन बाया त्यांना वारा घालत होत्या आणि ते बाबूभाईला सांगत होते की वहीत तिसरे शिखर लिहावे. आशाबाईने मला नेऊन त्यांच्या उशाशी ठेवले.

"हा आता माह्या घरात नाई टांगाचा," ती वारलूला म्हणाली. "ज्यानं थुकला, त्याच्या घरी टांगू दे."

साहेबांना तिची बोली कळली नाही. त्यांना वाटले, भेट आहे. त्यांनी हात जोडले.

तेव्हापासून मी इथे आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे, 'शिखरविजयाबद्दल वनवासी बांधवांनी दिलेले स्मृतिचिन्ह'. शेजारी फोटो आहे, त्यात साहेब झेंडी धरून उभे आहेत आणि वारलूचा फक्त खांदा आला आहे. पाहुणे आले की गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत डोंगराला टोक असते आणि चूळ नसते.

इथे मला रोज फडक्याने पुसतात. पुसणे म्हणजे जपणे असे या घराला वाटते. मला हलवून मात्र कोणी पाहिलेले नाही. राखेतल्या माझ्या बिया आशाबाईने पेरल्या असतील, माझा एखादा लेक वारलूच्या खांद्यावर वाजत घरी येत असेल. तेवढ्यावर मी इथे टांगून राहतो.

मित्रांनो, तुम्ही डोंगरावर जरूर जा. पण कोणी तुमच्यापुढे तुंबा धरला तर आधी तो कानाशी हलवून पाहा. आत किती आहे आणि ते कुणाच्या घरचे आहे, हे कळू द्या. आणि चूळ भरायचीच असेल तर ती घरून भरून या.